शनिवारच्या आधीचे सहा दिवस : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना शनिवारी होतो आणि साडेतीन तासांत आटोपतो. त्याआधीचे सहा दिवस चाहत्यांचे असतात. रविवारी कालच्या सामन्याचं चित्रण थांबवून थांबवून पाहिलं जातं. सोमवारी प्रतिस्पर्ध्याचे आकडे बाहेर निघतात. आठवड्याच्या मध्यापासून जखमी खेळाडूंच्या बातम्यांकडे कान लागतात आणि शुक्रवारच्या रात्रीपर्यंत कचेरीत, न्हाव्याच्या दुकानात, रेडिओच्या फोन-इन कार्यक्रमात एकाच प्रश्नाचा खल चालतो : आपला संघ यंदा खरोखर किती चांगला आहे, आणि तेवढं चांगलं असणं या शनिवारी पुरेल का? लाखो माणसं या प्रश्नाची जी उत्तरं तयार करतात, ती कशी तयार होतात याचा अभ्यास हा या प्रस्तावनेचा विषय आहे. त्यावरचं काम मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि क्रीडा-इतिहास यांच्या नियतकालिकांत विखुरलेलं आहे. ते एकत्र वाचणारा माणूस क्वचित भेटतो, आणि म्हणूनच या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चाहत्याचं मत निकालाच्या आधी नोंदवलेलं असेल आणि निकाल बाजूला ठेवून वाचता आलं, तरच त्यातलं ज्ञान हाती लागतं. निकाल लागला की ते ज्ञान पुसलं जातं आणि पुसलं गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

खेळाची ओळख थोडक्यात पुरे. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं; जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊनचे सहा गुण, खांबांमधून लाथाडला की फील्ड गोलचे तीन. प्रेक्षकाची नजर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर खिळलेली असते. पण त्याच्यापुढे पाच धिप्पाड लाइनमन उभे असतात, चेंडू मागे देणारा मधला सेंटर सोडला तर ते सहसा चेंडूला हातही लावत नाहीत, आणि पुष्कळदा सामना तेच जिंकतात किंवा हरतात. जाणत्या चाहत्याची पहिली खूण हीच, की तो बोलायला लाइनपासून सुरुवात करतो.

कॉन्फरन्स म्हणजे काय, इथे मात्र थोडं थांबायला हवं. विद्यापीठांनी आपापसात बांधलेला हा गट असतो. मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांनी १८९६ मध्ये बांधलेला असा एक गट आज बिग टेन म्हणून ओळखला जातो आणि नावात दहा असले तरी २०२४ पासून त्यात अठरा सदस्य आहेत. दक्षिणेतली एसईसी १९३२ ची. नियमित हंगामात बारा सामने असतात. बिग टेनमध्ये त्यांतले नऊ कॉन्फरन्समधल्याच विद्यापीठांशी होतात. बाहेरच्या संघाशी सामना असला की चाहता आकडे पाहतो. कॉन्फरन्समधला सामना असला की त्याला आजोबांनी सांगितलेलं आठवतं. तेच विद्यापीठ, तेच मैदान, तोच नोव्हेंबरचा गारठा, आणि मागच्या सगळ्या भेटींचा हिशेब. १९६८ साली ओहायो स्टेटनं मिशिगनला ५०–१४ असं चिरडलं आणि शेवटचा टचडाऊन झाल्यावरही प्रशिक्षक वुडी हेज यांनी टचडाऊननंतरच्या जादा एका गुणाऐवजी दोन गुणांचा प्रयत्न करायला लावला. तो फसला, पण अपमान राहिला. पुढच्याच वर्षी, हेज यांच्या हाताखाली तयार झालेले बो शेंबेक्लर मिशिगनचे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी अव्वल क्रमांकावरच्या ओहायो स्टेटला २४–१२ असं हरवलं. हे सामने ज्यांच्या जन्माआधी झाले, ती मुलंही ते काल पाहिल्यासारखे सांगतात. ही आठवण पुराव्यात धरायची की पुराव्यातली अडचण मानायची, हा आपल्या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. माझं उत्तर असं, की ती पुरावाच आहे, पण संघाबद्दलचा नाही. चाहता तराजू कसा धरतो याचा आहे.

एक सामना नीट उलगडून पाहू. ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस शहरातलं ओहायो स्टेडियम. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, दहा विजय आणि एक पराभव. मिशिगन आदल्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता, पण आता प्रशिक्षक बदललेला, क्वार्टरबॅक तीनदा बदलून पाहिलेला, सहा विजय आणि पाच पराभव. सट्टेबाजारानं ओहायो स्टेटला सुमारे वीस गुणांनी वरचढ धरलं होतं. या सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठ परिसरात पाट्यांवरच्या इंग्रजी ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारलेल्या दिसतात, इतकी ही चुरस अंगात मुरलेली आहे. पहिली भेट १८९७ ची.

त्या आठवड्यात चाहत्याच्या हाती काय काय होतं ते पाहा. इंडियाना हा दोघांनाही भेटलेला संघ. मिशिगन त्याच्याकडून २०–१५ असं हरलं होतं, आणि ओहायो स्टेटनं त्याच, तोवर अपराजित असलेल्या इंडियानाचा एकच आठवडा आधी ३८–१५ असा धुव्वा उडवला होता. समान प्रतिस्पर्ध्यावरून तुलना करणं ही चाहत्यांची सर्वांत आवडती रीत, आणि या रीतीनं पाहिलं तर प्रश्न उरतच नव्हता. मिशिगनचा सर्वोत्तम बचावपटू विल जॉन्सन जखमी, चेंडू झेलणारा हुकमी टाइट एंड कोलस्टन लवलँडही बाहेर. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथ आणि इमेका एग्बुका यांच्यासारखे चेंडू झेलणारे. बेरीज सरळ दिसत होती.

पण बेरजेत न मावणारी एक गोष्टही सर्वांसमोर होती. ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध ओहायो स्टेटच्या लाइनच्या टोकाला उभा राहणारा डावा टॅकल जॉश सिमन्स जखमी झाला, आणि पुढे त्याच्या जागी डॉनोव्हन जॅक्सनला आतून बाहेर सरकवावं लागलं. इंडियानाच्या सामन्याआधी सरावात सेंटर सेथ मक्लॉफ्लिनची टाचेची शीर तुटली, तेव्हा कार्सन हिंझमनला मधोमध आणावं लागलं. पाचांपैकी तीन जागा हलल्या होत्या. आणि मिशिगनचं जे काही शाबूत होतं, ते नेमकं मध्यभागी होतं : मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे बचावफळीतले दोन टॅकल, ज्यांना पुढच्या वसंतात व्यावसायिक संघांनी पहिल्याच फेरीत उचललं. ज्या चाहत्यानं सामन्याआधी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, त्यानं खरं मूल्यमापन केलं, मग त्यानं शेवटी भाकीत काहीही केलेलं असो.

सामन्यात ओहायो स्टेटनं पुन्हा पुन्हा त्या मध्यभागातूनच धावण्याचा हट्ट धरला आणि २६ वेळा धावून जेमतेम ७७ यार्ड मिळवले. दोन फील्ड गोल हुकले. क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन चेंडू मिशिगननं पकडले. शेवटची ४५ सेकंदं उरली असताना डॉमिनिक झ्वाडानं २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि मिशिगन १३–१० असं जिंकलं, सलग चौथ्या वर्षी.

इथून पुढे अभ्यासकानं फार जपून पावलं टाकायची असतात. त्या रात्री कोलंबसमध्ये ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाका, ही मागणी जोरात उठली. आणि तोच संघ पुढच्या बाद सामन्यांत टेनेसीला ४२–१७, ओरेगनला ४१–२१, टेक्ससला २८–१४ असं हरवून २० जानेवारी २०२५ ला अटलांटामध्ये नोत्र दामविरुद्ध ३४–२३ असा राष्ट्रीय विजेता ठरला. मग नोव्हेंबरमधली मतं बरोबर होती की चूक? ‘हा संघ देशात सर्वोत्तम आहे’ म्हणणारा खरा ठरला आणि ‘या लाइननं मिशिगनसमोर मधून धावता येणार नाही’ म्हणणाराही खरा ठरला. पहिलं मत संघाबद्दलचं होतं, दुसरं समोरासमोर आलेल्या दोन संघांच्या जोडीबद्दलचं. चाहत्यांच्या बोलण्यात ही दोन्ही मतं एकाच वाक्यात मिसळलेली असतात आणि ती वेगळी करणं हे आपल्या कामातलं मूळ कौशल्य आहे. मला तर वाटतं, हे एवढं साधलं तरी बाकीचं निम्मं काम झालं.

निकाल आठवणीला कसा बदलून टाकतो हे दाखवणारा प्रयोग खेळाबाहेरचा आहे. बारूख फिशहॉफ आणि रूथ बायथ यांनी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या पेकिंग आणि मॉस्कोच्या दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांना विचारलं, की अमुक घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपापली जुनी उत्तरं आठवायला सांगितली. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच मोठी सांगितली होती, अशी त्यांची आठवण झालेली होती. १९७५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुटबॉलच्या चाहत्याला रविवारी सकाळी ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ असं प्रामाणिकपणे वाटतं, त्यामागे हीच यंत्रणा आहे. तो खोटं बोलत नाही. त्याच्यापाशी शनिवारच्या आधीचं मत उरलेलंच नसतं. सामन्यानंतर घेतलेल्या मुलाखतींवर उभारलेल्या अभ्यासांकडे मी संशयानं पाहतो, ते यामुळे.

आणि आधीची नोंद मिळाली म्हणून ती निखळ निघेल असंही नाही, कारण आपुलकी तिच्यातही शिरलेली असते. या क्षेत्राचा पायाभूत निबंध एका सामन्याबद्दलचाच आहे. २४ नोव्हेंबर १९५१ ला प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात फार रांगडा सामना झाला. प्रिन्स्टनचा डिक कॅझमायर, त्या वर्षीचा देशातला सर्वांत गाजलेला खेळाडू, नाक फुटून मैदानाबाहेर गेला. पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टन १३–० असं जिंकलं आणि दोन्ही विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत आठवडेच्या आठवडे आरोप-प्रत्यारोप झडले. तेव्हा डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघानं किती आगळिकी केल्या? प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८ दिसल्या, डार्टमथच्या विद्यार्थ्यांना ४.३. निबंध १९५४ मध्ये आला.

हा निबंध वाचताना नवशिक्या अभ्यासकाची एक चूक ठरलेली असते : चाहते आंधळे असतात, एवढाच अर्थ तो काढतो. लेखकांचं म्हणणं त्याहून खोल आहे. तटस्थपणे पाहता येईल असा एक ‘सामना’ बाहेर कुठेतरी पडलेला आहे, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. माणूस ज्याला महत्त्व देतो त्यातूनच त्याचा सामना घडतो, असं ते मांडत होते. मी त्यांच्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत जातो. नियमभंगासारख्या निवाड्याच्या गोष्टीत आपुलकी डोळ्यांनाच वळवते, हे मान्य. पण सेंटर जखमी आहे, डावा टॅकल मुळात तिथला नाही, या गोष्टी दोन्हीकडच्या चाहत्यांना सारख्याच दिसतात. तिथे आपुलकी शिरते ती पुढच्या पायरीवर, या गोष्टीला वजन किती द्यायचं ते ठरवताना. माझ्या वाचनात पुन्हा पुन्हा हेच येतं : चाहत्याचे तपशील पक्के असतात आणि बेरीज कलती.

ती किती कलते आणि अनुभवानं सरळ होते का, याचंही संशोधन झालं आहे. केड मॅसी, जोसेफ सिमन्स आणि डेव्हिड आर्मर यांनी व्यावसायिक फुटबॉलच्या एका संपूर्ण हंगामात लोकांकडून दर आठवड्याला भाकितं घेतली. आवडत्या संघाबद्दलची जास्तीची आशा हंगाम संपत आला तरी ओसरली नव्हती. दर आठवड्याला निकाल समोर येत असूनही नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा अभ्यास याच्या शेजारी ठेवून वाचावा. सात विद्यापीठांत त्यांनी पाहिलं, की शनिवारी संघ जिंकला तर सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसतात. आणि सामन्याबद्दल विचारलं, तर विजयाच्या वेळी ‘आपण’ येतो, पराभवाच्या वेळी ‘त्यांनी’. सामन्याआधीच्या बोलण्यातल्या सर्वनामांवर याच्या तोडीचं काम व्हायला हवं. विद्यार्थ्यांनी हा विषय उचलावा, अशी माझी फार इच्छा आहे.

संख्याशास्त्राच्या बाजूनं येणाऱ्यांसाठी वाट अधिक मळलेली आहे. प्रो फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक असलेल्या व्हर्जिल कार्टर यांनी रॉबर्ट मॅकॉल यांच्यासोबत १९७१ मध्येच दाखवलं, की मैदानावरच्या प्रत्येक जागेची किंमत अपेक्षित गुणांत मांडता येते. पुढे बिल कॉनेली यांनी महाविद्यालयीन खेळासाठी एक साधी मोजपट्टी रूढ केली. पहिल्या डाऊनवर गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्यावर ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर सगळे मिळाले, तर तो डाव यशस्वी धरायचा. कॉनेली मिझुरी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, आणि त्याच संघाचा चाहता म्हणून लिहिता लिहिता ते विश्लेषक झाले. हे मला फार मोलाचं वाटतं. ही मोजपट्टी आता सामान्य चाहत्याच्या बोलण्यात आहे. निसटलेला चेंडू कुणाच्या हाती पडेल हा बराचसा नशिबाचा भाग असतो, हेही त्याला कळतं आणि म्हणून चार चेंडू पटकावून जिंकलेल्या सामन्यावर तो फुगत नाही. ज्ञान अशा रीतीनं प्रयोगशाळेतून बाकांवर आणि बाकांवरून प्रयोगशाळेत ये-जा करतं. विद्वानांनी शिकवायचं आणि चाहत्यांनी शिकायचं, अशी विभागणी इथे टिकत नाही.

गेल्या काही वर्षांत चाहत्यांच्या हातातलं जुनं साधनच बदललं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, २०२१ पासून खेळाडूंना पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर न बसता लगेच खेळता येऊ लागलं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून आपल्या नावावर पैसे कमावण्याचीही मोकळीक मिळाली. पूर्वी एखादा मुलगा चार वर्षं डोळ्यांसमोर वाढायचा. आता सेंटर अलाबामाहून येतो, क्वार्टरबॅक कॅन्सस स्टेटहून. वर उल्लेखलेला मक्लॉफ्लिन १ जानेवारी २०२४ ला अलाबामाकडून मिशिगनविरुद्ध खेळला, तेव्हा त्याच्या भरकटलेल्या स्नॅपमुळे, म्हणजे मागे दिलेल्या चेंडूमुळे, चाहते हैराण झाले होते. ओहायो स्टेटला त्याच्याबरोबर ही ख्यातीही आली. आणि त्याच वर्षी त्याला देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार मिळाला. दुसऱ्यांच्या चाहत्यांची आठवण उसनी घेऊन मूल्यमापन करणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे आणि अशी उसनी आठवण कितपत पेलते, यावर आपल्याकडे अजून पुरेसा विचार नाही. कॉन्फरन्सचंही तेच. ओरेगन, वॉशिंग्टन, यूसीएलए आणि सदर्न कॅलिफोर्निया बिग टेनमध्ये आल्यावर काही ‘कॉन्फरन्स’ सामन्यांमागे आजोबांची गोष्टच उरली नाही. ती नव्यानं तयार होताना पाहायला मिळणं, हे तुमच्या पिढीचं भाग्य आहे.

एका गोष्टीची जाणीव मात्र प्रत्येक पानावर ठेवा. ज्यांची ताकद आणि उणीव आपण मोजतो, ती एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना खेळांवरचा सट्टा कायदेशीर करण्याची मुभा दिली, तेव्हापासून त्यांच्या दुखापतीच्या बातमीला बाजारभाव आला. चाहत्याचं प्रेमानं केलेलं कठोर मूल्यमापन आणि पैसे बुडालेल्या माणसाचा राग, हे दोन्ही वरवर सारखेच दिसतात. नोंदी गोळा करताना ते वेगळे ठेवा, आणि खेळाडूंची नावं जिथे गरजेची नाहीत तिथे गाळा.

मराठी वाचकाला हे क्षेत्र परकं वाटू नये. ॲन आर्बर या मिशिगन विद्यापीठाच्या गावी आणि कोलंबसला शिकायला गेलेल्या आणि तिथेच रमलेल्या मराठी घरांत नोव्हेंबरचा तो शनिवार ठाऊक असतो. नव्यानं चाहते झालेल्या या लोकांकडे आजोबांची आठवण नाही आणि आपुलकी मात्र पुरेपूर आहे, म्हणून अभ्यासाच्या दृष्टीनं ते अत्यंत महत्त्वाचे. आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल संघ उतरण्याआधी पेठांमध्ये जी चर्चा चालते, ती याच साधनांनी तपासता येईल. खेळाची जात वेगळी आहे, पण शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं खेळण्यातून येणारी जाण तीच.

सुरुवात कशी करावी, असं मला नेहमी विचारलं जातं. एखादा कॉन्फरन्स सामना निवडा. दोन्हीकडच्या चार-चार चाहत्यांशी आठवड्यातून दोनदा बोला. कोण जिंकेल हे शेवटी विचारा. आधी विचारा की समोरच्या संघातल्या कोणत्या खेळाडूची त्यांना धास्ती वाटते आणि आपल्या कोणत्या जागेकडे पाहवत नाही. उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळेसकट लिहा. एसईसीमध्ये २०२४ पासून कॉन्फरन्स सामन्यांआधी कोण खेळू शकेल याची यादी तीन दिवस आधीपासून रोज जाहीर होते आणि शेवटची सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते. ती आल्यावर त्याच माणसांना एकदा शेवटचं विचारा, काही बदललं का. मग वही बंद करून सामना पाहा.